हरवलेल्या मुलाचा आजचा चेहरा: प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची व्याप्ती आज नक्की झाली. हाताशी एक जुना फोटो, बहुतेक वेळा लहानपणीचा. फोटोतलं मूल बेपत्ता होऊन दहा-पंधरा वर्षं उलटलेली. ते आज कसं दिसत असेल याचं चित्र काढायचं, आणि ते अशा बेताने की समोरून जाणाऱ्या तरुणीकडे बघून कुणाला तरी "हिला कुठेतरी पाहिलंय" असं वाटावं.

या चित्राचे उपयोग दोन, आणि ते पहिल्यापासून वेगळे धरायचे असं ठरलं. एक माणसांसाठी: पोस्टर, बातमी, मोबाइलवर फिरणारं आवाहन. दुसरा यंत्रासाठी: चेहरे जुळवणाऱ्या प्रणालीला शोधायला द्यायचा चेहरा. माणूस चेहऱ्याची ठेवण बघतो, हसणं बघतो, केस बघतो. आर्कफेससारखं मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला संगणकी प्रोग्राम, चेहऱ्याची ५१२ आकड्यांची ओळ करतं आणि ती दुसऱ्या ओळीशी ताडून बघतं. एकाला जे पुरतं ते दुसऱ्याला पुरेलच असं नाही.

हे काम जुनं आहे. नॅन्सी बर्सन या कलावंत बाईंना चेहऱ्याचं वय बदलून दाखवणाऱ्या पद्धतीचं पेटंट १९८१ साली मिळालं. त्याच दशकात इलिनॉय विद्यापीठातले वैद्यकीय चित्रकार स्कॉट बॅरोज आणि लुईस सॅडलर यांनी मुलांच्या चेहऱ्याच्या वाढीच्या मोजमापांवर बेतलेली पद्धत बेपत्ता मुलांसाठी वापरायला सुरुवात केली. अमेरिकेत बेपत्ता मुलांसाठी काम करणारं राष्ट्रीय केंद्र १९८४ साली उभं राहिलं. तिथले चित्रकार मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत साधारण दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवं चित्र काढतात. वाढत्या वयात दोन वर्षांत चेहरा जेवढा बदलतो, तेवढा पुढे पाच वर्षांतही बदलत नाही.

आमच्या गटात एक न्यायवैद्यक चित्रकार आहेत. यापुढे "चित्रकार मॅडम" म्हणजे त्या. त्या हाताने काढतात, आम्ही मॉडेलकडून काढून घेतो. दोन्ही चित्रं प्रत्येक वेळी शेजारी ठेवून बघायची, असं त्यांनीच सुचवलं.

१५ जानेवारी

डेटासेटची, म्हणजे मॉडेलला शिकवायच्या फोटोसाठ्यांची, झाडाझडती. या कामाची खरी अडचण इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याला हवेत एकाच माणसाचे चौथ्या-पाचव्या वर्षाचे आणि विशी-पंचविशीतले फोटो, तेही हजारो माणसांचे. असा साठा उघडपणे उपलब्धच नाही. एफजी-नेटमध्ये एकाच माणसाचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, पण माणसं ८२ आणि फोटो १,००२. एवढ्यावर मोठं मॉडेल शिकत नाही. हा साठा फक्त चाचणीसाठी बाजूला काढला. मॉर्फमध्ये ५५ हजारांवर फोटो आहेत, पण ते अटकेच्या वेळी काढलेले. सर्वात लहान वय १६. म्हणजे ज्या काळात चेहरा सर्वात जास्त बदलतो तो काळच त्यात नाही. सीएसीडीमध्ये २,००० प्रसिद्ध व्यक्तींचे १,६३,४४६ फोटो, पण सगळे २००४ ते २०१३ या दहा वर्षांतले. त्यात मेकअप आहे, स्टुडिओतला प्रकाश आहे, डॉक्टरांकडून करून घेतलेले बदल आहेत. यूटीकेफेसमध्ये तान्ह्या बाळापासून ११६ वर्षांपर्यंतचे वीस हजारांवर चेहरे, पण तेच माणूस पुन्हा भेटेल अशी सोय नाही. एफएफएचक्यूचे ७०,००० फोटो १०२४ पिक्सेलचे, सुंदर, पण तिथेही तीच गत.

याचा परिणाम सरळ आहे. अशा डेटावर शिकलेलं मॉडेल "या मुलीचं पुढे काय होईल" हे शिकत नाही. "पाच वर्षांची मुलं अशी दिसतात, पंचवीस वर्षांची माणसं तशी दिसतात" एवढं शिकतं आणि पहिल्या घोळक्यातला चेहरा दुसऱ्या घोळक्यात नेऊन बसवतं. मधला रस्ता त्याने पाहिलेलाच नसतो. चकचकीत निकाल दाखवणाऱ्या बऱ्याच पद्धतींचा पाया हाच आहे, आणि तो ध्यानात ठेवल्याशिवाय या चित्रांवर विसंबणं बरोबर नाही.

दुसरी उणीव चेहऱ्यांच्या वाटपाची. ज्या समाजांचे फोटो इंटरनेटवर कमी, त्यांचे चेहरे डेटात कमी. मग मॉडेल वय वाढवता वाढवता नाक बारीक करतं, रंग उजळ करतं. बेपत्ता मुलाच्या बाबतीत हा चेहऱ्याचा हरवलेला पुरावा आहे. प्रत्येक निकालात त्वचेचा रंग आणि नाकाची रुंदी मूळ फोटोशी ताडून बघायची, हा नियम आजपासून.

आपल्यापुरता उपाय: ओळखीतल्या प्रौढ माणसांनी स्वतःच्या लहानपणापासूनच्या फोटोंचे अल्बम द्यायचे, लेखी संमतीने, हवं तेव्हा परत घेण्याच्या मुभेसह. आज कोणत्याही मुलाचे फोटो गोळा करायचे नाहीत. प्रौढांचं लहानपण पुरे आहे.

२४ जानेवारी

मॉडेलकडे वळण्याआधी साधी गणिती पातळी तयार केली, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी हाताशी राहील.

एका प्राण्याचा आकार ताणून, वाकवून दुसऱ्याचा आकार मिळतो, हे डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ सालीच जाळीवर रेखाटून दाखवलं होतं. पिटेंजर आणि शॉ यांनी १९७५ मध्ये तोच विचार माणसाच्या डोक्याला लावला: कवटीच्या बाजूच्या रेखाकृतीवर हृदयाकृती ताण दिला की बघणाऱ्याला ती मोठ्या वयाची वाटते. पुढे टॉड आणि सहकाऱ्यांनी ते सूत्र सुधारलं. डोक्याच्या मध्यापासून प्रत्येक बिंदूचं अंतर घ्यायचं, ते १ + के × (१ − कोनाचा कोसाइन) एवढ्याने गुणायचं. 'के' म्हणजे वाढ किती द्यायची तो आकडा. कोन माथ्यापासून मोजायचा. माथ्यावर कोन शून्य, म्हणून तिथे काही हलत नाही. हनुवटीपाशी ताण सर्वाधिक. इतक्या छोट्या सूत्रात बाळाचं मोठं कपाळ आणि बसकी हनुवटी मागे पडून लांबट चेहरा उमटतो. मी आधी कागदावर आखून पाहिलं, मग कोड लिहिला.

रामनाथन आणि चेल्लप्पा यांनी २००६ मध्ये हेच सूत्र मुलांच्या फोटोंना लावलं, पण 'के' सगळीकडे एकच न ठेवता चेहऱ्याच्या वेगवेगळ्या बिंदूंना वेगळा, लेस्ली फार्कास यांच्या चेहऱ्याच्या मोजमापांवरून काढलेला. आपणही तेच करणार. त्वचा, केस, दाढी यातलं काही या पद्धतीला कळत नाही. पण हाडाची दिशा कळते, आणि मुलांच्या बाबतीत तीच मुख्य गोष्ट आहे.

४ फेब्रुवारी

गटातल्या दंतवैद्य मैत्रिणीबरोबर बैठक. तिने सांगितलेलं जसंच्या तसं टिपून ठेवते.

जन्माच्या वेळी कवटीचा मेंदूकडचा भाग आणि चेहऱ्याचा भाग यांचं प्रमाण ढोबळमानाने ८ ला १ असतं, प्रौढपणी २ ला १ च्या जवळ येतं. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूची वाढ सुमारे ९० टक्के झालेली असते, म्हणजे कपाळ आणि डोळ्यांचा वरचा भाग तोवर बराचसा ठरलेला. चेहऱ्याचा खालचा अर्धा मात्र मागून येतो. वरचा जबडा खाली आणि पुढे सरकतो, नाक लांबतं, खालच्या जबड्याची वाढ सगळ्यात शेवटपर्यंत, मुलग्यांमध्ये विशीच्या आसपासपर्यंतही, चालू राहते. वयात येताना मुलग्यांची भुवईवरची हाडाची कड पुढे येते.

दातांबद्दल: सहाव्या ते आठव्या वर्षी दुधाचे समोरचे दात पडून कायमचे येतात आणि ते रुंद असतात. चार वर्षांच्या मुलीच्या हसऱ्या फोटोतले दात हे तिच्या आजच्या दातांबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत. तरी मॉडेलं ते छोटे, फटी असलेले दात मोठ्या तोंडात तसेच ठेवतात किंवा जाहिरातीतली दंतपंक्ती बसवतात. तिचा सल्ला असा: बेपत्ता होताना कायमचे दात आलेले नसतील तर चित्रात तोंड मिटलेलं ठेवा. लगेच मान्य केला.

तिने आणखी एक कामाची गोष्ट सांगितली. डोळ्याच्या बुबुळाची रुंदी दुसऱ्या वर्षाच्या सुमारास जवळपास प्रौढांइतकी होते, सरासरी ११.७ मिलिमीटर, आणि माणसामाणसात फार फरक नसतो. म्हणजे फोटो स्पष्ट असेल तर बुबुळ हीच मोजपट्टी. त्यावरून त्या वेळच्या दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची रुंदी, हनुवटीपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये काढता येते. फोटो जवळून काढलेला असेल तर नाक फुगलेलं दिसतं, ते मात्र सांभाळायला हवं.

१८ फेब्रुवारी

स्टाइलगॅनवर, म्हणजे खरे वाटणारे चेहरे तयार करणाऱ्या मॉडेलवर, बसवलेलं वयवाढीचं मॉडेल चालवलं. पद्धत आता रुळलेली आहे: फोटो एन्कोडरमधून, म्हणजे फोटोचे आकडे करणाऱ्या भागातून, १८ गुणिले ५१२ अशा आकड्यांत बसवायचा, हवं ते वय सांगायचं, नवा चेहरा बाहेर काढायचा. शिकताना दोन दट्टे असतात. एक वय ओळखणारं जाळं (न्यूरल नेटवर्क) म्हणतं, "हा पंचवीसचा दिसला पाहिजे." दुसरं ओळख पटवणारं जाळं म्हणतं, "हा तोच माणूस वाटला पाहिजे."

खरी खोच इथे आहे. प्रौढांच्या बाबतीत दोन्ही मागण्या एकत्र नांदतात, कारण तिशीतून पन्नाशीत जाताना हाड फारसं हलत नाही. सुरकुत्या पाडल्या, केस पांढरे केले की वय दिसतं आणि माणूस तोच राहतो. लहान मुलाच्या बाबतीत दोघांचं भांडण होतं. ओळखीचं जाळं बहुतांशी मोठ्यांच्या चेहऱ्यांवर शिकलेलं. त्याच्या लेखी "तोच माणूस" म्हणजे त्याच अंतरावरचे डोळे, तेच आखूड नाक, तीच गोल हनुवटी. त्यामुळे ते वाढीलाच अडवतं. निकालात पंचवीस वर्षांच्या त्वचेचा, दाढीच्या खुंटांचा, पण बाळाच्या ठेवणीचा चेहरा येतो. पाहिल्यावर पोटात कालवतं.

ओळखीच्या दट्ट्याचं वजन कमी केलं की चेहरा मोकळा होतो आणि छान वाढतो, पण मग तो कुणाचाही होतो. वयातलं अंतर वाढेल तसं हे वजन आपोआप उतरवायची युक्ती काही पद्धतींत आहे. ती लावली, मधल्या वयांत फरक पडला, पाचवरून पंचवीसला जाताना पुरेसा नाही.

आता दुसरी वाट धरतोय. आधी २४ जानेवारीचं सूत्र आणि फार्कास यांची मापं वापरून ठेवण वाढवायची, आणि ओळखीची तुलना मूळ फोटोशी न करता या वाढवलेल्या ठेवणीशी करायची. मॉडेलने हाडाचा निर्णय घ्यायचा नाही, त्वचेचा घ्यायचा.

संरेखनाबद्दल, म्हणजे सगळे चेहरे एकाच चौकटीत सारखे बसवण्याबद्दल, एक टीप सहकाऱ्यांसाठी: एफएफएचक्यूच्या पद्धतीने फोटो कापला की चौकटीचा आकार डोळ्यांतलं अंतर आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंतचं अंतर यांवर ठरतो. वाढीत लांबतो तोच भाग चौकट ठरवतो, म्हणजे वाढीचा काही हिस्सा मोजण्याआधीच पुसला जातो. मुलांचे फोटो यापुढे बुबुळाच्या मापाने कापायचे.

२६ फेब्रुवारी

आजचा दिवस एका तिळाचा.

अल्बम दिलेल्या एका स्वयंसेवक ताईंचा पाचव्या वर्षाचा फोटो. डाव्या गालावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली बोटभर अंतरावर एक तीळ. फोटो मॉडेलमध्ये घातला आणि वय न बदलता तसाच परत मागितला. चेहरा परत आला, डोळे आले, कपाळावर आलेली बटही आली, तीळ नाही. मूळ फोटो मोठा करून बघितला तर मॉडेलच्या चौकटीत तो जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा. एन्कोडर चेहरा त्याला माहीत असलेल्या चेहऱ्यांच्या भाषेत सांगतो, आणि त्या भाषेत नितळ गाल हा नेहमीचा, नेमक्या जागेवरचा तीळ हा अपवाद. त्यामुळे तो अपवाद गाळला जातो.

बेपत्ता माणसाच्या बाबतीत हा उलटा न्याय झाला. आई पोलिसांना सर्वात आधी काय सांगते? गालावर तीळ आहे, भुवईत खोक पडल्याची खूण आहे, एक कान जरा बाहेर आहे. तेच नेमकं यंत्र पुसतं.

उपाय असा बसवला. तीळ, व्रण, जन्मखूण हे चित्रकार मॅडम हाताने वेगळ्या थरावर खुणावतात. वाढीचं सूत्र चेहऱ्याला जसं ताणतं तसंच त्या थरालाही ताणायचं, आणि मॉडेलचं काम झाल्यावर तो वरून परत ठेवायचा. ताईंच्या आजच्या फोटोशी ताडलं. तीळ नाकपुडीच्या मानाने खाली, जबड्याकडे सरकलेला, सूत्राने सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळ. आता तो थोडा उंचवटाही धरून आहे. ते सूत्राला कळणं शक्य नाही, मॅडमना अनुभवाने कळतं. त्यांनी छायेचा एक फटकारा दिला.

कानाचाही वेगळा थर करायचं ठरलं. कानाच्या कडेची वळी, पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे आयुष्यभर फारसं बदलत नाही. आकार वाढतो, घडण राहते.

११ मार्च

जुने फोटो. छापील प्रतीवरून मोबाइलने काढलेले, फ्लॅशने उजळलेले, रंग उडालेले. फोटो स्पष्ट करणारी मॉडेलं आधी चालवावीत का, यावर चर्चा. नाही चालवायची. ती मॉडेलं नसलेले तपशील कल्पनेने भरतात, आणि त्या कल्पनेवर आपण आणखी वीस वर्षं चढवणार. कुटुंबाकडे त्याच काळातले दुसरे फोटो मागायचे, शाळेचा वर्गफोटो, लग्नातला गर्दीतला फोटो, काहीही. चार धूसर फोटो एका घोटून काढलेल्या फोटोपेक्षा बरे.

२२ मार्च

मोजायचं कसं, हा प्रश्न महिनाभर डोक्यात आहे.

सोपी आणि फसवी रीत अशी: मॉडेल आर्कफेसच्या दट्ट्याखाली शिकवायचं आणि ओळख टिकली का, हे पुन्हा आर्कफेसनेच तपासायचं. ज्याने पेपर फोडला त्यानेच तपासायला बसावं, तसं हे होतं. आपल्या चाचणीत शिकवणारं आणि तपासणारं जाळं वेगळं राहील, वेगळ्या डेटावर घडवलेलं.

त्याहून महत्त्वाचा नियम: प्रत्येक निकालाची तुलना न बदललेल्या मूळ फोटोशीही करायची. वाढवलेलं चित्र आजच्या खऱ्या फोटोच्या जितकं जवळ जातं, त्याहून जवळ जर जुना फोटोच जात असेल, तर आपण केलेल्या कामाने शोध अवघड झाला. हा प्रतिस्पर्धी वाटतो त्यापेक्षा बराच तगडा आहे. बऱ्याच अल्बमांत जुना फोटो आणि आपलं चित्र बरोबरीला येतात. सुमारे दहाव्या वर्षानंतरचा फोटो असेल तर जुनाच पुढे असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा असेल तर ठेवण वाढवण्याचा फायदा स्पष्ट दिसतो.

माणसांच्या बाबतीतही हेच आढळलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स लॅम्पिनेन आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित चित्रकारांनी वय वाढवून काढलेली चित्रं आणि जुने फोटो यांची तुलना प्रयोगांतून केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात वाढवलेल्या चित्रांनी जुन्या फोटोंवर मात केली नाही. चित्रकार मॅडमना मी हे भीत भीत सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "चित्राचं एक काम ओळख पटवणं, दुसरं काम प्रकरण जागं ठेवणं. जुनं पोस्टर लोक बघत नाहीत, नवं चित्र आलं की बातमी होते, फोन येतात." दुसरं काम खरं आहे. पण त्याच्या आडून पहिल्यात सूट घ्यायची नाही, यावर दोघींचं एकमत झालं.

मुलांचे चेहरे यंत्रालाही अवघड जातात. देब, नैन आणि जैन यांनी २०१८ मध्ये २ ते १८ वयोगटातल्या ९१९ मुलांचे ३,६८२ फोटो वर्षानुवर्षांच्या अंतराने तपासले, तेव्हा अंतर वाढेल तशी जुळणी घसरताना दिसली, आणि ते अंतर मोजक्या वर्षांचंच होतं. आपल्या प्रकरणांत ते दहा-पंधरा वर्षांचं.

५ एप्रिल

बेपत्ता म्हणजे फक्त मुलं नव्हेत. तिशीत घर सोडून गेलेली माणसं आहेत, स्मृतिभ्रंशाने वाट चुकलेले आजोबा-आजी आहेत. प्रौढांसाठी वेगळी वाट आखली.

इथे हाड मागे पडतं, त्वचा आणि चरबी पुढे येते. वरचा ओठ पातळ होतो, नाक आणि ओठ यांतलं अंतर वाढतं, डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, कान लांबतात. हीथकोट यांनी १९९५ मध्ये मोजलं, वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. वीस वर्षांत चार मिलिमीटरच्या वर, म्हणजे चित्रात दाखवण्याइतकं.

पण वयापेक्षा जगणं जास्त दिसतं. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता: २८ वर्षं खिडकीतून ऊन लागलेला डावा गाल खोल सुरकुत्यांचा, उजवा त्यामानाने तरुण. एकाच चेहऱ्यावर दोन वयं. जुळ्यांच्या अभ्यासांतून धूम्रपानाचा परिणाम दिसतो. वजनाचाही दिसतो, तोही वयाप्रमाणे उलटतो: चाळिशीच्या आत जाड जुळं भाऊ-बहिणीपेक्षा थोराड वाटतं, चाळिशीनंतर तेच तरुण वाटतं, कारण गाल भरलेले राहतात.

रस्त्यावर राहावं लागलेला माणूस आणि घरात राहिलेला माणूस दहा वर्षांनी एकसारखे दिसणार नाहीत. मॉडेलला यातलं काही माहीत नाही. ते सरासरी माणसाचं सरासरी आयुष्य गृहीत धरतं.

सरासरीचा आणखी एक दोष बर्ट आणि पेरेट यांनी १९९५ मध्येच दाखवला होता. एकाच वयोगटातले अनेक चेहरे एकत्र मिसळले की मिश्र चेहरा त्या वयापेक्षा लहान वाटतो, कारण सुरकुत्या एकमेकींत विरून जातात. आपल्या मॉडेलचे साठीतले चेहरे पन्नाशीचे वाटतात त्यामागे हेच असावं असा माझा कयास आहे.

२३ एप्रिल

आई-वडिलांचे फोटो. चित्रकार पूर्वीपासून ते वापरतात: मुलाचं आजचं जे वय, त्याच वयातले आई-वडील, मोठी भावंडं कशी दिसत होती ते बघून नाक, जबडा, केसांची रेषा ठरवायची.

मॉडेलमध्ये हे सरळ मिसळून बघितलं, थोडं आईचं, थोडं वडिलांचं. चित्र गोड आलं, पण मूल नाहीसं झालं. मुलाच्या फोटोत जे आधीच ठरलेलं आहे, डोळ्यांचा आकार, भुवयांची ठेवण, कानाची घडण, तिथे पालकांना हात लावू द्यायचा नाही. पालकांचा शब्द फक्त उशिरा वाढणाऱ्या भागांत: नाकाचा कणा, जबडा, हनुवटी. तेही एकाच प्रमाणात न ठेवता, एका चित्रात जबडा आईकडचा, दुसऱ्यात वडिलांकडचा.

मॅडमनी त्यांची एक सवय सांगितली. नातलगांच्या फोटोंतून त्या आधी सारखेपणा शोधत नाहीत, वेगळेपणा शोधतात. सगळ्या भावंडांत जे एकसारखं आहे ते या मुलातही येण्याची शक्यता बरी. जिथे भावंडं आपसांतच वेगळी आहेत, तिथे खात्रीने काही काढायचं नाही.

१० मे

आजवरचा सर्वात महत्त्वाचा निर्णय. एका मुलासाठी एक चित्र द्यायचं नाही.

बैठक लांबली. एका सहकाऱ्याचं म्हणणं वजनदार होतं: लोक पोस्टरकडे दोन-तीन सेकंद बघतात, चार चेहरे दाखवले तर एकही लक्षात राहणार नाही. ही अडचण खरी आहे. पण एकच, फोटोइतकं हुबेहूब चित्र दिलं तर बघणारा ते अनुमान आहे हे विसरतो. त्याच्या मनात तीच हनुवटी, तेच केस बसतात, आणि खरी मुलगी समोरून गेली तरी "ही नव्हे" म्हणून तो मान वळवतो. ज्या चित्राने शोध व्हावा त्यानेच तो थांबवला, असं होता कामा नये. चित्र जितकं चकचकीत तितका हा धोका मोठा, कारण चकचकीतपणा मॉडेलला फुकट मिळतो. त्याचा खात्रीशी काही संबंध नसतो.

म्हणून रचना अशी ठरली. मूळ जुना फोटो नेहमी पोस्टरवर, आणि लहान करून कोपऱ्यात न टाकता. त्याशेजारी तीन चेहरे: अंगाने बारीक, मध्यम आणि भरलेली, जबडा आणि केस तिन्हींत वेगळे. ज्या खुणा बदलत नाहीत त्या तिन्हींत तंतोतंत सारख्या, आणि त्यांचा जवळून घेतलेला तुकडा वेगळा: हा तीळ, हा कान. बघणाऱ्याच्या नजरेला पक्कं काय आणि अंदाजाचं काय हे न सांगता कळावं. केस आणि कपडे मुद्दाम सौम्य, अर्धवट सोडलेले, जवळपास पेन्सिलीने काढल्यासारखे. हे मॅडमचं, त्यांच्या मते अर्धवट रेषा बघणाऱ्याला आपल्या ओळखीतला चेहरा त्यात बसवायला जागा देते.

प्रत्येक चित्रावर "अंदाजे चित्र" असं ठळक लिहायचं, आणि ते कधी काढलं ती तारीख. मोबाइलवर पुढे पाठवताना चित्र कापलं जातं, म्हणून शिक्का चेहऱ्याच्या अगदी लगत.

२८ मे

यंत्राच्या बाजूची वाट. तिथे चित्र काढायचीच गरज नाही, असं आता वाटू लागलंय. आधी चित्र रंगवायचं, मग त्यातून ५१२ आकडे काढायचे, त्यापेक्षा सरळ लहानपणीचे आकडे मोठेपणच्या आकड्यांकडे सरकवायला शिकवता येतं. बेपत्ता मुलांसाठीच हा मार्ग काही संशोधकांनी चोखाळलेला आहे. प्राथमिक चाचण्यांत आपल्याकडेही तो चित्रामार्गे जाण्यापेक्षा सरस वाटतोय, विशेषतः खूप लहान वयाच्या फोटोंत.

प्रणाली काय देईल? संभाव्य नावांची उतरंड, बस. "सापडली" हा शब्द पडद्यावर कुठेही येणार नाही. यादीतला प्रत्येक चेहरा दोन प्रशिक्षित माणसं एकमेकांना न विचारता बघतील. त्यानंतरही ओळख पक्की करायची ती चेहऱ्यावरून नव्हे. इंटरपोल मृतांची ओळख पटवताना प्राथमिक पुरावे तीनच मानतं: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. जिवंत सापडलेल्या मुलीच्या बाबतीत आई-वडिलांशी डीएनए ताडणं हाच भरवशाचा शेवट. चेहरा फक्त कुणाचा दरवाजा ठोठवायचा ते सांगतो, आणि चुकीच्या दारावर पोलीस जाणं ही त्या घरासाठी लहान गोष्ट नाही. म्हणून यादीत कितव्या क्रमांकापर्यंत चौकशी करायची ही मर्यादा आधीच, प्रकरण समोर नसताना ठरवायची.

१३ जून

कुटुंबाला चित्र कसं दाखवायचं, यावर समुपदेशक बाईंबरोबर बसलो. वीस वर्षं ज्या आईने चार वर्षांची मुलगी मनात जपली, तिच्यासमोर एकदम बाईमाणूस ठेवायची हे साधं काम नाही. काही पालक म्हणतात, ही आमची नाही. काही त्याच चित्राला धरून बसतात आणि दुसरं बघायला तयार नसतात. तीन चेहऱ्यांचा इथेही उपयोग होतो, पण आधी समजावून सांगावं लागतं. ठरलं ते असं: चित्र प्रसिद्ध होण्याआधी कुटुंबाला प्रत्यक्ष भेटून दाखवायचं, चित्रकार मॅडम हजर असतील, कोणता भाग कशावरून काढला हे त्या बोट ठेवून सांगतील. कुटुंबाला नको असेल तर चित्र बाहेर जाणार नाही. पालकांनी दुरुस्ती सुचवली, "आमच्याकडे सगळ्यांच्या भुवया जुळलेल्या असतात", तर ती घ्यायची; अशी माहिती कुठल्याच डेटासेटमध्ये नसते.

एखादं मूल घरातल्याच छळाला कंटाळून पळालेलं असू शकतं, एखादी प्रौढ बाई स्वतःहून निघून गेलेली असू शकते. त्यामुळे कुणाही नातेवाइकाच्या थेट विनंतीवर चित्र करायचं नाही; तपास यंत्रणेकडे नोंद झालेलं प्रकरण हवं. आपलं मॉडेल उघड्यावर ठेवायचं नाही यामागेही हेच कारण.

पुढच्या टप्प्यासाठी: कानाचा थर अर्धा झालाय, तो जुलैत पूर्ण करायचा. तपासणारं दुसरं जाळं गडद वर्णाच्या मुलांच्या फोटोंवर अजून नीट पारखलेलं नाही, ते झाल्याशिवाय एकही आकडा बाहेर द्यायचा नाही. अल्बम देणाऱ्यांपैकी दोघांनी फोटो परत मागितलेत. मूळ फाइल्स, कापलेल्या चौकटी आणि त्यांचे आकडे, तिन्ही ठिकाणांहून काढून त्यांना तसं लेखी कळवायचं.